नऊ नंबरच्या पिशवीत डाग नव्हता

"माझ्या पोरांच्या कपड्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला मला चालत नाही," असं म्हणून लेन माझ्या लाँड्रीच्या दारातच पिशव्यांच्या ढिगावर बसला. साठीचा गोरा माणूस, उन्हानं लाल झालेला, कमरेला सेफ्टी पिनांचा जुडगा.

"मिस्टर लेन, मशीन माझं आहे," मी म्हणालो. "बाहेरच्या माणसानं चालवलं आणि त्याचा हात अडकला, तर इन्शुरन्सवाले मला धरतील."

"मग तू चालव. मी इथे बसून बघतो."

आणि तो खरोखरच बसला. आठवडाभर.

दुबईतल्या समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात मी लाँड्री मॅनेजर होतो. दोन हजार सालानंतरचा काळ. लेन हा एका इंग्लिश फुटबॉल क्लबचा किटमॅन. म्हणजे खेळाडूंचे कपडे सांभाळणं, एवढंच त्याचं काम, आणि ते त्यानं आयुष्यभर केलेलं. क्लब तिथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये होता, पण कसाबसा. त्या डिव्हिजनमध्ये वीस टीम असतात आणि सीझन संपला की शेवटच्या तीन खाली ढकलल्या जातात. खाली गेलं की टीव्हीचे पैसे जातात, चांगले खेळाडू जातात. हा क्लब त्या शेवटच्या तिघांत अडकला होता. कपच्या वेगळ्या स्पर्धेतून लवकर बाहेर पडल्यामुळे एक आठवडा मोकळा मिळाला, म्हणून ऊन खायला आणि सराव करायला त्यांना दुबईला आणलं होतं.

आता जरा हॉटेलबद्दल. हॉटेलचे दोन भाग असतात. पाहुण्यांना दिसतो तो फ्रंट ऑफ द हाउस, आणि दिसत नाही तो बॅक ऑफ द हाउस. मी बॅकला, बेसमेंटमध्ये. उदय प्रधान फ्रंटला, बँक्वेट मॅनेजर, म्हणजे पार्ट्या-मेजवान्या सांभाळणारा. आम्ही दोघं मुंबईहून एकाच सुमाराला आलो. दुबईतल्या अल मनखूल भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो. तो चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. तिथेही तोच वर.

उदय देखणा. कोणाशीही बोलायला लागला की समोरचा हसायलाच लागायचा. गणपतीत आरती तोच सांगायचा. घरातलं काही अडलं की माझी बायको वृंदासुद्धा म्हणायची, "उदयभावजींना विचारा ना." हे सगळं मी गिळत होतो. केतकीचं मात्र गिळता येत नव्हतं.

केतकी माझी मुलगी. तेव्हा तेरा वर्षांची, दुबईतच वाढलेली. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. आणि ती नेमकी याच क्लबची फॅन. स्पोर्ट्स चॅनलचं कार्ड उदयकडे होतं. त्याच्या घरी तिनं पहिली मॅच बघितली, त्यात हा क्लब सडकून हरला, आणि तिला त्यांची दया आली. तेव्हापासून तिच्या खोलीत त्यांच्या स्ट्रायकरचं, म्हणजे गोल मारणाऱ्या नऊ नंबरचं, पोस्टर होतं.

क्लब आपल्याकडे उतरणार म्हटल्यावर मला वाटलं, चला, आता बापाकडेही सांगण्यासारखं काही आलं. जेवताना म्हणालो, "केतू, तुझ्या टीमचे कपडे मी स्वतः धुतोय."

"कूल, बाबा. बट उदय अंकल मेट देम!"

दुसऱ्या दिवशी उदय फोटो घेऊन आला. नऊ नंबरच्या खांद्यावर हात टाकलेला. तिसऱ्या दिवशी टीमचा शर्ट घेऊन आला, त्यावर नऊ नंबरची सही. तोच शर्ट मॉलमध्ये एकशेऐंशी दिरहमला होता. "म्हणजे सव्वादोन हजार रुपये! एका शर्टाला?" असं म्हणून मी नाही म्हटलं होतं. वर उदयनं तिला शब्द दिला, की शेवटच्या दिवशीच्या बार्बेक्यूला तो तिची नऊ नंबरशी भेट घालून देईल.

त्या शर्टातच ती झोपली. सही जाईल म्हणून तो मला धुवायलाही देईना.

खाली बेसमेंटमध्ये माझं काम चालू होतं. प्रत्येक खेळाडूचे कपडे वेगळ्या जाळीच्या पिशवीत यायचे, पिशवीला त्याचा नंबर. धुण्याआधी आम्ही सॉर्टिंग करतो. म्हणजे प्रत्येक कपडा उजेडात धरून डाग बघायचा आणि त्याप्रमाणे औषध लावायचं. लेन शेजारी स्टुलावर चहा पीत बसायचा आणि मला फुटबॉल शिकवायचा.

"लढणारी टीम जमिनीवर घसरते, तिचे डाग कमरेवर असतात," तो म्हणाला. "घाबरलेल्या टीमचे नुसते मोज्यांवर. या वर्षी मी मोजेच धुतोय."

मग मी पिशव्या तशा वाचायला लागलो. गोलकीपरच्या कोपरांवर गवताचा हिरवा डाग. कॅप्टनची शॉर्ट एका बाजूनं पूर्ण बरबटलेली. आणि नऊ नंबरची पिशवी कोरी. घामाचा वाससुद्धा नाही. मी जशी घडी घालून पाठवली, तशीच घडी परत. पुढच्या दिवशीही तेच. त्याच्याही पुढच्या दिवशी तेच.

"लेन, हे तर वापरलेलंच नाही," मी म्हणालो.

त्यानं पिशवी माझ्या हातातून घेतली आणि मशीनमध्ये टाकली. "तरीही धू. आणि दिलीप, लाँड्रीतलं लाँड्रीत राहतं. तुला सांगायला नको."

खरंच सांगायला नको होतं. मुंबईत माझ्या पहिल्या साहेबांनी हेच शिकवलं होतं. लाँड्रीवाल्याला डोळे असतात, तोंड नसतं. कोणाच्या कॉलरवर काय लागलंय, कोणाच्या खिशात काय निघालं, हे मी कधी वृंदालाही सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी उदय आमच्याकडे चहाला आला. "मग नऊ नंबर मला म्हणतो, उदय, तुझ्या बिर्याणीनं मी जाडा होणार..." केतकी आ वासून ऐकत होती. माझ्याकडे ती तसं कधी बघत नव्हती.

"तुमचा नऊ नंबर सरावाला जातच नाही," मी म्हणालो.

"काय बोलतोस, दिलीप?"

"कपडे बोलतात. ते रोज कोरे परत येतात. पूलवर लोळत पडलेला असेल. त्याचं मन उडालंय या क्लबवरून."

"दॅट्स नॉट ट्रू, बाबा!"

"मी खोटं बोलतोय? विचार तुझ्या उदय अंकलला. त्याला माहीत आहे का, विचार."

उदयला माहीत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी चहाचा घोट घेतला. इतका गोड चहा वृंदानं कधी केला नसेल.

केतकी उठून खोलीत गेली. थोड्या वेळानं इंटरनेटच्या मोडेमचा तो चिरका आवाज आला. एरवी मी फोनच्या बिलावरून ओरडलो असतो. त्या दिवशी खुशीत होतो.

क्लबच्या फॅन लोकांचा इंटरनेटवर एक बोर्ड होता. जगभरातले फॅन तिथे लिहायचे. केतकीनं तिथे नुसता प्रश्न विचारला: नऊ नंबर दुबईत सराव करत नाही हे खरं आहे का? हॉटेलमधले लोक म्हणतात, त्याला क्लब सोडायचाय. बिचारीला कोणीतरी "नाही, खोटं आहे" म्हणावं असं वाटत होतं. म्हणालं कोणीच नाही. उलट ते एका इंग्लिश पेपरच्या माणसानं उचललं. टीम खाली चाललीय आणि स्ट्रायकर दुबईत रुसून बसलाय, अशी बातमी आली. बातमीचा सोर्स कोण, तर आमचं हॉटेल.

जीएमनं, म्हणजे हॉटेलच्या जनरल मॅनेजरनं, सगळ्या डिपार्टमेंटच्या हेड्सना वर बोलावलं. आमचा जीएम लेबनीज, रागावला की आवाज खाली आणायचा. "कोणीतरी बोललंय," तो हळू म्हणाला. "नाव कळलं की व्हिसा कॅन्सल. खलास."

व्हिसा कॅन्सल म्हणजे नुसती नोकरी जात नाही. घर जातं, मुलांची शाळा जाते, सामान बांधून परत.

सगळ्यांनी उदयकडे बघितलं. खेळाडूंबरोबर फोटो त्याचेच होते. मीही उदयकडेच बघितलं.

खाली आलो तर लेन स्वतः मशीनमध्ये कपडे भरत होता. मी अडवलं नाही. त्यानं मागच्या ट्रॉलीतून ओल्या टॉवेलांचा बोळा उचलला आणि माझ्यासमोर टेबलावर आपटला.

"हे कोणाचे वाटले तुला?"

ते टॉवेल रोज येत होते. चिंब भिजलेले, मलमाच्या उग्र वासाचे. सोबत हॉटेलचा एक बाथरोब, त्यालाही तोच वास. पण टॉवेल आणि बाथरोब म्हणजे हॉटेलचं लिनन. पाहुण्यांच्या कपड्यांची ट्रॉली वेगळी, लिननची वेगळी. दोन्ही ट्रॉल्या माझ्याच समोरून जायच्या. मी जोडल्या नाहीत. जोडायच्याच नव्हत्या मला.

"त्याचा गुडघा गेलाय," लेन म्हणाला. "दिवसभर बर्फात पाय घालून बसतो. शेवटच्या मॅचेस तरी खेळता याव्यात म्हणून. समोरच्या टीमला कळलं तर ते त्याच गुडघ्यावर जातील, म्हणून आम्ही गप्प होतो. आणि आता आमचेच लोक त्याला शिव्या देतायत."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीएमच्या केबिनमध्ये गेलो. सामान कसं बांधायचं याचा विचार करूनच गेलो होतो. "सर, ते मी बोललो होतो."

जीएमनं पेन खाली ठेवलं. "अरे हबीबी, तूही? उदय आत्ताच येऊन तेच सांगून गेला."

केतकी आदल्या दिवशी रडत चौथ्या मजल्यावर गेली होती. बोर्डवर आपणच लिहिलं हे तिनं उदयला सांगितलं. मला नाही, त्याला. आणि त्यानं जीएमला सांगितलं, की पाहुण्यांशी गप्पा मारताना त्याच्याच तोंडून निसटलं.

"उदय माझा बेस्ट माणूस आहे," जीएम म्हणाला. "त्याला मी वॉर्निंग दिली. तू का मध्ये पडतोस? मित्राला वाचवायला?"

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटला संताप. चूक माझी, तीही हा माणूस घेऊन गेला होता!

"सर," मी म्हणालो, "उदयला कपड्यांतलं काय कळतं? बोलवा त्याला. विचारा, नुसती पिशवीत राहिलेली शॉर्ट आणि घातलेली शॉर्ट यातला फरक सांग म्हणावं. शिवणीत मीठ कुठे बसतं, विचारा. त्याला नाही सांगता येणार. हे फक्त मला दिसलं होतं."

जीएमनं पेन पुन्हा हातात घेतलं. मग त्याला हसू आलं, आणि तेवढ्यावर माझा व्हिसा वाचला असावा. आमच्या कंपनीचं नवं हॉटेल उघडणार होतं; त्याची लाँड्री माझ्या हातात यायची होती, ती दुसऱ्याला गेली. टीम जाईपर्यंत मी किटला हात लावायचा नाही, असंही ठरलं. मशीन लेननंच चालवलं. इन्शुरन्सचं कोणी काढलं नाही.

बार्बेक्यूला केतकी गेली नाही. उदयनं दोनदा विचारलं. ती म्हणाली, "आय कान्ट लुक ॲट हिम." तो शर्ट तिनं कपाटात ठेवून दिला.

लिफ्टमध्ये मी उदयला गाठलं. "का केलंस तू असं?"

"अरे, पोरगी रडत होती," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, माझं असेल तर जीएम सोडून देईल. तुझं असेल तर नाही सोडणार."

त्यानं हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. खरं होतं, म्हणूनच लागलं. दुसरा मजला आला, मी उतरलो. तो वर गेला.

मे महिन्यात सीझनची शेवटची मॅच होती. जिंकले तर वाचतील, नाही तर खाली. केतकी मला म्हणाली, "बाबा, आर यू कमिंग?" मी पहिल्यांदाच उदयच्या घरी मॅच बघायला गेलो.

तिकडे पाऊस पडत होता. नऊ नंबर गुडघ्याला पट्टी बांधून खेळत होता. त्याच्या पायाशी बॉल आला की त्याचेच लोक हुर्यो करायचे. नव्वद मिनिटं करत राहिले. तो पडत होता, उठत होता. मॅच बरोबरीत सुटली. बरोबरी पुरेशी नव्हती. क्लब खाली गेला.

शिट्टी झाल्यावर तो मैदानातच बसला. कॅमेरा त्याच्यावर होता. छातीपासून मोज्यांपर्यंत चिखल आणि गवत, आणि सगळ्यात जास्त कमरेवर. केतकी कपाटातला शर्ट घालून आली होती. तिचे डोळे भरले होते. स्क्रीनवरची नजर न हलवता तिनं विचारलं, "बाबा, विल दॅट कम आउट?"

"निघेल," मी म्हणालो. "आधी गार पाण्यात भिजवायचं."

"गार?" उदय म्हणाला. "गरम पाण्यानं लवकर निघेल ना रे?"

"गरम पाण्यानं डाग बसतो."

केतकीनं माझ्याकडे बघितलं, मग उदयकडे. "ही नोज, अंकल," ती म्हणाली.

नव्या हॉटेलची लाँड्री मला पुढे कधीच मिळाली नाही. हाताखाली येणाऱ्या पोरांना मी सांगतो, की डाग नसलेल्या कपड्यावरून माणसाबद्दल काही ठरवू नका, आधी दुसरी ट्रॉली बघा. उदय अजून चौथ्या मजल्यावर राहतो, आणि मला अजून त्याचा हेवा वाटतो. फक्त आता दोन्ही ट्रॉल्या बघून वाटतो.