आमचा बाप अब्राहाम

सोफेवाल्यांना खोकला व्हायचा तो फक्त शनिवारी. आठवडाभर काथ्या-कापसाच्या धुळीत बसून सोफे शिवणारा हा माणूस ठणठणीत. पण यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचायला एकेकाला पुढे बोलवायची वेळ आली, की तोंडाशी रुमाल धरून बाहेर! मित्र चिडवायचे, तुमचा खोकला मोठा धार्मिक हो. ते हसण्यावारी न्यायचे. खरं कारण फक्त बायकोला ठाऊक होतं.

पुढे बोलावताना माणसाचं नाव घेतात आणि त्याच्या बापाचं. सोफेवाल्यांना बाप माहीत नव्हता. अनाथाश्रमात वाढले आणि दुसऱ्या गावी एका म्हाताऱ्या यहुदी कारागिराच्या हाताखाली काम शिकले. उस्ताद तोंडाचा फटकळ, पण रोज घरी जेवायला न्यायचा. एकदा यांनी आभार मानले तर खेकसला, "माझे कसले? ज्या देवानं धान्य पिकवलं त्याचे मान. अब्राहामही पाहुण्यांना हेच सांगायचा." यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याच्या तंबूला चारी बाजूंनी दारं होती, वाटसरूला दार शोधत फिरायला नको म्हणून, हेही त्याच घरात कळलं. त्या दारातनं हेही आत शिरले. रीतसर शिकून, राजीखुशीनं यहुदी झाले. असं बाहेरून येणाऱ्याला बापाचं नाव मिळतं ते 'आमचा बाप अब्राहाम'. त्या दिवशी केवढा आनंद झाला होता त्यांना! पण उस्ताद गेला, हे बायकोला घेऊन या गावी आले, आणि लोक काय म्हणतील या भीतीनं तोंडाला जे कुलूप बसलं ते बसलंच.

आता लेकीचं लग्न ठरलं होतं. नवऱ्या मुलाच्या आजोबांना घराण्याचा भारी अभिमान. चहा निवेपर्यंत सात पिढ्या मोजून दाखवणार. लग्नाआधीच्या शनिवारी वधूपित्याला मानानं पुढे बोलवायचं, हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. सोफेवाल्यांचं धाबं दणाणलं. आपल्यापायी पोरीचं लग्न मोडलं तर? त्यांनी बापासाठी एक बरंसं खोटं नाव शोधून ठेवलं. बायकोनं सुनावलं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? लेकीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, जे खरं तेच सांगा, बाबा.

शनिवारी पुकारणाऱ्यानं वाकून हळूच वडिलांचं नाव विचारलं. खोटं नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं. समोर तोराची गुंडाळी उघडी होती आणि त्या आठवड्याचं वाचन अब्राहामचंच, देव त्याला सांगतो: बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. सोफेवाल्यांनी ते वाचलं. ज्यानं आपल्याला पोरकेपणी पदरात घेतलं, त्याचीच आपण इतकी वर्षं लाज धरली? कृतघ्नपणाला काही सीमा!

"आमचा बाप अब्राहाम," ते म्हणाले.

पुकारणाऱ्यानं तेच मोठ्यानं पुकारलं. अर्थ सगळ्यांनाच कळला. आजोबा काठी टेकत उठले. संपलं, असं सोफेवाल्यांना वाटलं.

"सोफेवाले," म्हातारा म्हणाला, "आम्हांला अब्राहामपर्यंत पोचायला शेकडो आजोबा ओलांडावे लागतात. तुमच्या नि त्याच्यामध्ये कुणीच नाही. तुमची लेक आमच्या घरी येतेय, हे आमचं भाग्य."

सोफेवाल्यांना देवाचे आभार मानून वाचनाला सुरुवात करायची होती, पण शब्दच फुटेना. डोळे गळत होते. आजोबा बसले नाहीत. उभ्यानंच वाट पाहत राहिले. मग सोफेवाल्यांनी आभार मानले, पार रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.