खंडेनवमीला बंद केलेला पडदा

सरदारपूरचा महेश. उजव्या हाताची तीन बोटं गेली. गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, देवासला, आमच्या वर्कशॉपमध्ये, सकाळच्या चहाच्या जरा आधी. कारण काय नोंदवलं? कामगाराचा हलगर्जीपणा. हे खोटं आहे. ते मी मराठीत, इथल्या कामगारांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे, कारण माझं हिंदी पत्रक गेटवर वाटून झालं आणि आपल्या लोकांनी त्यात समोसे गुंडाळले.

मी धार सोडलं त्या दिवशी महेश त्याच बसमध्ये होता. सरदारपूरहून बसून आलेला, खिडकी धरून. खाली स्टँडवर आमचं अख्खं घर उभं. वडिलांना आम्ही अजून भाऊसाहेब म्हणतो. दरबार गेला, संबोधनं राहिली. त्यांनी बॅग वर चढवली आणि म्हणाले, "आपल्यातलं कुणी आजवर कारखान्यात गेलेलं नाही. नाव जपून राहा." नावाची काळजी त्यांना होती. हातांची त्या स्टँडवर कुणालाच नव्हती, मलाही नाही.

महेशने जागा दिली. "दीदी, इधर बैठो, उधर की सीट में कील निकली है, कपड़ा फाड़ देगी." इंदूर येईपर्यंत त्याच्या आईच्या हातचे पानिये, पानांत भाजलेले मक्याचे रोट, आम्ही दोघांनी संपवले होते आणि कळलं होतं की दोघांना एकाच वर्कशॉपमध्ये हजर व्हायचं आहे. मी डिझाइनला, तो पत्रा दुमडायच्या मशीनवर. त्या दिवसापासून तो महेश भिया, भावासारखा.

घरी खंडेनवमीला पाटावर एक जुनी तलवार मांडतात. गंध, फूल, नैवेद्य, आणि संध्याकाळी ती पुन्हा कपाटात. ती कुणाला कापत नाही. देवासला पूजा चालत्या मशीनची होते, हे मला इथे येऊन कळलं, आणि पहिल्या वर्षी मी कौतुकाने फोटो काढून घरी पाठवले. आईसाहेबांना फार आवडले.

गेल्या वर्षी नवरात्रात हाटपिपल्याचा एक मेकॅनिक आला. शेतात अडकलेले हार्वेस्टर जागेवर जाऊन दुरुस्त करणारा. त्याला जीपच्या मागे बसेल अशी अ‍ॅल्युमिनियमची टूलबॉक्स हवी होती: वजनाला हलकी, झाकणाला उतार म्हणजे पाणी थांबणार नाही, आत पाने-पकडी ठेवायला खण. तयार मिळणारी कुठलीच त्याच्या जीपला बसत नव्हती. मी माप घेतलं, आधी पुठ्ठ्याची पेटी करून त्याच्या जीपमध्ये ठेवून बघितली, मग ड्रॉइंग केलं. अ‍ॅल्युमिनियम धारदार दुमडलं तर घडीवर तडा जातो, म्हणून घडी गोलसर ठेवली. जिथे दोन घड्या भेटतात तिथे कोपऱ्यात छोटी गोल भोकं ठेवली, म्हणजे पत्रा फाटत नाही. महेश ड्रॉइंग बघून म्हणाला, "दीदी, चूहों के लिए दरवाज़े भी रख दिए?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच ठेवलेत, डबा घेऊन आत शिरायला." आम्ही दोघं खूश होतो. काम चांगलं होतं.

आता नीट वाचा. त्या मशीनच्या समोर दोन खांब आहेत. त्यांच्यामधून न दिसणारे किरण जातात. मध्ये हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. आम्ही त्याला पडदा म्हणतो. खंडेनवमीला मशीनवर झेंडूची जाडजूड माळ चढवली. ती लोंबून किरणांत आली आणि मशीन चालेना. पूजा झाल्यावर मशीनने एक तरी पीस काढायचाच, अशी इथे रीत आहे. मुहूर्ताला मशीन अडलं तर वर्ष अडतं म्हणतात. माळ सरकवायला कुणी तयार नाही. देवाला वाहिलेली. मालकांनी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, "पर्दा बाजू कर दे, पूजा भर के लिए." त्याने तार जोडून पडदा निकामी केला. मुहूर्ताचा पीस म्हणून आमच्याच पेटीची पहिली घडी पडली. टाळ्या वाजल्या. पेढे वाटले. मीही खाल्ला.

दसरा झाला. माळ सुकली. तार तशीच. सोमवारी महेश पेटीची चौथी बाजू दुमडत होता. तोपर्यंत तीन भिंती उभ्या राहिलेल्या असतात, पत्रा आत बसायला कुरकुर करतो, आणि हात आपोआप पुढे जातो. अशा वेळी किरण तुटून मशीन थांबतं, हे त्याच्या सवयीचं होतं. ते थांबलं नाही.

मशीन चालवायच्या पॅडलवर पाय त्याचाच होता, असं मालक सांगतात. हो, होता. तार कुणाची होती?

पेटी पुसून, दुसऱ्याकडून वेल्डिंग करून गिऱ्हाइकाला दिली. महेश सरदारपूरला परत गेला. मी फोन केला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "दीदी, पेटी कैसी बनी?" मी म्हटलं, "अच्छी बनी." तेवढंच खोटं नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट वाटलं.

आज ती तार तशीच आहे. मी दोनदा बोलले, मला आपल्या ड्रॉइंग टेबलाशी बसायला सांगितलं. खांबावरचा हिरवा दिवा जळत असतो, त्यामुळे नवीन माणसाला सगळं ठीक वाटतं. महेशच्या जागी नालछ्याचा मनोज उभा राहतो. नुकतंच लग्न झालंय, हातावरची मेंदी पुरती गेलेली नाही. मी सांगितलं तर म्हणाला, "दीदी, डराओ मत, नौकरी नई है." इतर कारखान्यांच्या गेटांवर विचारलं तर लोक हसले: "हमारे यहाँ भी माला के दिन निकाला था, फिर लगाया ही नहीं." नवरात्र जवळ आलं आहे. झेंडूची ऑर्डर गेली आहे.

धारला गेले की मला अजून गाढ झोप लागते. पण ते घर माझं उरलेलं नाही. माझं घर आता जिथे मनोज उभा आहे तिथे आहे, आणि तिथे माझं एकटीचं कुणी ऐकत नाही.

तुमचं ऐकतील. आज फोन लावा, देवासला, जो कुणी तुमचा इथे आहे त्याला. "जेवलास का" मागाहून विचारा. आधी विचारा की मशीनसमोरच्या दोन खांबांमध्ये लाकडाची फळी धरून बघितलीस का, आणि मशीन थांबलं का. थांबत नसेल तर त्याला सांगा, पडदा लागेपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. तुम्ही सांगा. पूजेच्या आधी सांगा.