खडकावरची आत्या

आत्याला माणसांचा तिटकारा होता आणि तो तिने कधी लपवला नाही. सगळा नदीकाठ तिला आत्या म्हणायचा. सव्वीस वर्षं ती नदीच्या सगळ्यात वाईट उताराखाली, एका खडकावर, दोर भरलेली पिशवी घेऊन उभी राहत आली होती. पर्यटकांची रबरी राफ्ट उलटली की दोराचं टोक हातात धरून पिशवी पाण्यात पडलेल्याकडे फेकायची आणि त्याला ओढून काढायचं, हे तिचं काम. त्याआधी ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी पिळायची. तिथे कमावलेले दंड इथे उपयोगी पडले. माणसं मात्र दोन्हीकडे सारखीच भेटली, आपली घाण दुसऱ्याने निस्तरावी अशी.

हेल्मेट फोटोपुरतं डोक्यावर, एरवी भाजीच्या पिशवीसारखं कोपराला. लाइफ जॅकेटचे पट्टे सैल, का तर आवळले की पोट दिसतं. "पडलात की जॅकेट वर राहील आणि तुम्ही खाली जाल," असं ती सांगायची आणि लोक दात काढायचे. दात काढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना तिनेच ओढून काढलं. वर आल्यावर ते आधी मोबाइल शोधायचे.

या सगळ्यांत अव्वल नंबर तिच्या जावयाचा. दोन वर्षांपूर्वी त्याने राफ्टिंगचा धंदा हातात घेतला, पंधरा दिवसांचा कोर्स केला आणि प्रमाणपत्राला चौकट करून आणली. ती टांगली कुठे, तर जॅकेटांच्या खोलीत, आत्याच्या दोर वाळत घालायच्या खुंटीवर.

त्या सकाळी पाणी गढूळ होतं आणि चांगलंच चढलं होतं. उतारावरचा मोठा धोंडा, ज्याला सगळे म्हैस म्हणत, पार बुडाला होता. म्हैस बुडाली की नदीत उतरायचं नाही, हा तिथला नियम. पण जावयाला जाहिरातीसाठी व्हिडिओ हवा होता, तोही दोघांच्या छोट्या राफ्टमधून, पुढे बायकोला बसवून. बायको म्हणजे आत्याची एकुलती लेक.

"आई, बघा तरी, किती सपाट वाहतंय आज. एक खडक दिसत नाही," उताराच्या वर, काठावर उभा जावई म्हणाला.

"दिसत नाही म्हणजे उठून गेला का तो?" आत्या म्हणाली. "म्हशीवरून पाणी कोसळतं आणि मागे जागच्या जागी गरगरतं. त्यात सापडलेला माणूस लवकर बाहेर येत नाही, जावईबापू. कोर्समध्ये झोपला होतात का?"

लेकीने जॅकेटचा पट्टा आवळला, मग पुन्हा ओढून पाहिला.

"तुम्ही खाली उभ्या असाल ना," जावई मजेत म्हणाला, "मग आम्हाला कसली भीती?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य तिने शंभरदा ऐकलं होतं आणि, खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही. आज तिला त्याची किळस आली. आपण खाली उभं राहतो म्हणून हे मूर्ख वरून उतरतात. आणि नाही उभं राहिलं, तर हा दीडशहाणा तरीही उतरणार, लेकीला घेऊन, आणि खाली कुणीच नसणार.

तिने पिशवी त्याच्या छातीवर आपटली. "दोर तुम्ही धरा. तुमच्या जागी मी बसते."

"म्हणजे?"

"म्हणजे आम्ही दोघी मायलेकी उतरतो. तुम्ही खडकावर उभे राहा आणि आम्हाला काढा. आधी दोनदा फेकून दाखवा."

ती जॅकेट चढवून, पट्टे आवळून, काठावरच्या राफ्टमध्ये जाऊन बसलीसुद्धा. जावई हसत हसत खडकावर गेला. पहिल्या खेपेला तो दोराचं टोक हातात धरायलाच विसरला आणि पिशवी दोरासकट वाहून गेली. खडकावर दुसरी पिशवी असायची. ती फेकली, तर त्याच्या पायांपासून चार हातांवर पडली. मग त्याने पाण्याकडे पाहिलं, त्या सकाळी पहिल्यांदाच नीट पाहिलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आज नको," तो म्हणाला. "पाणी फार आहे. मला नाही जमणार तुम्हाला काढायला."

आत्याच्या तोंडाशी चार जहरी शब्द आले होते. पण लेक आधी बोलली, अगदी हळू.

"आणि आई खाली उभी असती, तर पाणी कमी झालं असतं?"

जावयाने आत्याकडे पाहिलं, तिने मध्ये काहीतरी बोलावं म्हणून. आत्या राफ्टमधून उतरली आणि खाली वाकून राफ्टची हवा सोडू लागली.