मेनूथने गोलकीपर दिला

शिरीष राजूरकरांविषयी लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती फारच थोडी आहे. नागपूरचे, संगणकाच्या चिपच्या कारखान्यात इंजिनीअर, वय एकावन्न. घरी कोण असतं, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. मी आयर्लंडमधल्या मेनूथ गावी माझ्या मुलाकडे, संकेतकडे, सहा महिने होतो. रविवारी तो चाळिशीपुढच्या स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघात हॉकी खेळायचा आणि मी कडेला बसून वहीत नोंदी ठेवायचो. शिरीष त्यांचे गोलकीपर. नऊ वर्षं खेळत होते. करंडक एकदाही नाही.

यंदा संघ दुसऱ्या क्रमांकावर होता. या स्पर्धेत हंगामाच्या मध्यावर खेळाडूंची अदलाबदल करता येते, मात्र जाणाऱ्याची संमती लागते. ब्लँचर्डस्टाउन या प्रतिस्पर्धी संघाकडे डोनल नावाचा पेनल्टी कॉर्नरचा हुकमी खेळाडू होता. त्याच्या बदल्यात त्यांनी शिरीषनाच मागितलं.

कप्तान मेधा भडकली. "गोलात काय बुजगावणं उभं करू?"

संकेत म्हणाला, "गड येईल, पण सिंह जाईल."

"सिंह कसला रे, म्हातारं मांजर!" शिरीष हसले आणि माझ्याकडे वळले. "काका, वही काढा. खरं ते सांगा."

मला चारचौघांत बोलायचा संकोच. पण विचारलं होतं, म्हणून वाचलं. नऊ सामन्यांत मेनूथला चाळीस कॉर्नर मिळाले, त्यांतून गोल झाले दोन. शिरीषनी हमखास होणारे सात गोल अडवले होते.

"आणि डोनलचे या हंगामात अकरा," शिरीष म्हणाले. "सात देऊन अकरा. मग घासाघीस कसली?"

"करंडक मिळाला तर तू कुठे असशील?" मेधाने विचारलं.

ते हातमोजा उलटसुलट करत म्हणाले, "पलीकडे. पण मिळू तर दे."

आणि त्यांनी सही केली.

मे महिन्यात अंतिम सामना पडला तो नेमका ब्लँचर्डस्टाउनशी. मला वाटलं, जुन्या ओढीने एखादा चेंडू सोडतील. छे! डोनलचे तीन फटके त्यांनी अडवले, दुसरा तर आडवं झेपावून. मेधा डोक्याला हात लावून उभी. शेवटच्या मिनिटाला चौथा कॉर्नर मिळाला. डोनलचा चेंडू शिरीषच्या हातमोज्याला घासून वरच्या कोपऱ्यात गेला. एक-शून्य!

आयुष्यात पहिल्यांदा मी मैदानावर ओरडलो. वही पायाशी साचलेल्या पावसाच्या पाण्यात पडली. शिरीष क्षणभर जाळीकडे बघत राहिले, मग हेल्मेट काढून, दुसऱ्या संघाची जर्सी अंगात असताना, मेधाकडे धावत आले. "सांगितलं होतं ना!" मेनूथवाल्यांनी त्यांना पॅडसकट खांद्यावर घेतलं. मेधाने करंडक आधी त्यांच्याच हातात दिला. ब्लँचर्डस्टाउनचे लोकही टाळ्या वाजवत होते. तीन अडवलेल्या माणसाला काय बोलणार?

पुढच्या आठवड्यात मी नाशिकला परतलो, म्हणून तीच आमची शेवटची भेट. सामन्यानंतर मी रुमालाने वही टिपत होतो, तेव्हा ते आले.

"काका, मोजे भिजलेत तुमचे. घरी सोडू का?"

"नको, संकेत गाडी आणतोय."

"बरं. पाण्याची बाटली बाकाखाली राहिलीय बघा."

"हो, घेतो."