सुट्टीनंतरचा पहिला नग

प्रोग्रॅम तोच, टूल तेच, धातू तोच आणि ऑपरेटरही तीच. मग साप्ताहिक सुट्टीनंतरचा पहिलाच नग का चुकतो? या एका प्रश्नाचे उत्तर मला हवे होते.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी संगणकाच्या आज्ञेने चालणारे मिलिंग मशीन चालवते. बिडाच्या एका झाकणात टूलने, म्हणजे फिरत्या कापणाऱ्या हत्याराने, बारा मिलिमीटर खोल खाच घ्यायची असते. त्यात एका शतांशाची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक माफ असते. सुट्टीनंतरच्या सकाळी मात्र पहिली खाच दोन शतांशांनी उथळ भरे. हे अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण नग बाद होण्यास पुरेसे.

सुट्टीआधीची शेवटची पाळी मामांची असे. मामा म्हणजे आमच्याकडचे सर्वांत जुने ऑपरेटर. ते टूल काढून पुन्हा थोडे वर बसवतात आणि वहीत नोंद करत नाहीत, असा निष्कर्ष मी काढला आणि तो सुपरवायझरांना सांगूनही टाकला. त्यांनी मामांना जुन्या, हाताने चालवायच्या मशीनवर पाठवायचे ठरवले.

ते कळताच मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आगं ताई, टूल हलीवलं असतं तर वहीत लिवलं नसतं व्हय? माझ्या नावानं बिल फाडायच्या आधी मला इचारायचं तरी की!"

मी जुन्या नोंदींची वही घेऊन बसले, तेव्हा एक गोष्ट प्रथमच नजरेत भरली. पहिला नग उथळ निघाला की मी टूल दोन शतांशांनी खाली घेत असे. तासाभराने मात्र खाच तेवढीच जास्त खोल जाई आणि मला टूल पुन्हा वर घ्यावे लागे. त्या तासात मामा घरी असत. मग टूल खाली कोण आणत होते?

पुढच्या सुट्टीनंतर सुपरवायझरांकडून मी एक तास मागून घेतला. मामांनाही मुद्दाम बोलावले. टूल जसे होते तसेच ठेवले. मशीनच्या टेबलावर डायल, म्हणजे शतांश दाखवणारे काट्याचे मापक, बसवला, टूल धरणाऱ्या होल्डरखाली त्याचे टोक टेकवले आणि काटा शून्यावर आणला. मग टूल वर उचलून स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दंड, नुसताच फिरवला. दर दहा मिनिटांनी तो थांबवायचा, त्याच उंचीवर खाली आणायचा आणि काटा वाचायचा.

दहा मिनिटांनी काटा शून्यापासून सरकला होता! विसाव्या मिनिटाला एक घर पूर्ण झाले. मी आकडा वहीत लिहिला. चाळिसाव्या मिनिटाला दोन घरे, आणि पन्नासाव्यालाही दोनच. एक घर म्हणजे एक शतांश. फिरून तापलेला स्पिंडल लांबीने वाढून खाली सरकला होता. एरवी तिन्ही पाळ्यांत मशीन चालू असते, त्यामुळे ते थंड होत नाही. थंड होते ते फक्त सुट्टीत.

मग एकही आकडा न बदलता नग कापला. खाच मोजली. बारा मिलिमीटर, बरोबर!

"बारा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या मशीनवरचे लोक धावत आले.

मामा डायलकडे बघत म्हणाले, "म्हंजे मशीनबी सुट्टीवरनं आलं की जावयागत आंग चोरतंय म्हणा की!"

सगळे हसले. मी मात्र सर्वांसमोर मामांची माफी मागितली; आरोप माझा होता आणि मोजमाप न घेता केलेला होता. सुपरवायझर एवढेच म्हणाले, "मामा, तुमी हितंच ऱ्हावा." मामांनी मान हलवली आणि डायलचा काटा पुन्हा शून्यावर आणायला घेतला. त्यांना स्वतः पाहायचे होते.

आपल्याकडे असे मशीन असेल, तर आपणही तेच करावे. सुट्टीनंतर डायल लावा, दर दहा मिनिटांनी काटा वाचा, आकडे लिहून ठेवा आणि काटा स्थिरावल्यावरच पहिला नग कापा. प्रत्येक मशीनची वाढ वेगळी असू शकते, म्हणून माझे दोन शतांश खरे मानू नका. कृपया स्वतः मोजून पाहा.