वर गणपती, तळाशी प्रोग्रॅम

मीरा, काल तू तुझा रेझ्युमे तपासायला पाठवलास आणि मला तुझ्या आईचा पहिला रेझ्युमे आठवला.

आम्ही तेव्हा बिबवेवाडीत राहत होतो. दुसऱ्या दिवशी एका सॉफ्टवेअर कंपनीत तिची मुलाखत होती. आधी ज्या कंपन्यांना नुसते अर्ज धाडले, त्यांनी साधं उत्तरही दिलं नव्हतं. आजोबा हौसेने कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडून रेझ्युमे छापून घेऊन आले. त्या गृहस्थाकडे लग्नाच्या बायोडेटाचा साचा तयारच होता. शाईचा वास येणारा तो गरम कागद वाचून मी कपाळाला हात लावला. वर गणपती, खाली उंची, वर्ण गव्हाळ, कुलदैवत, मामांचे हुद्दे. तिने लिहिलेला प्रोग्रॅम तळाशी एका ओळीत.

"अहो, आपण मुलगी दाखवतोय की नोकरी मागतोय?"

"घराणं नको का कळायला? अनोळखी पोरीला कोण घेईल?"

"बाबा, मुलाखत उद्या आहे," तुझी आई रडकुंडीला आली होती.

मी चिडून लाल पेन घेतलं. मामा खोडले, काका खोडले, आजोबांचा हुद्दाही खोडला. ते नुसता चष्मा पुसत बसले. त्याच रात्री पुन्हा छापून घेताना प्रोग्रॅम सगळ्यात वर गेला आणि नोकरी मिळाली. "गणपती ठेवला असता तर पगार जास्त मिळाला असता," हे मात्र त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकवलं.

तुझा रेझ्युमे नेटका आहे. त्यात आमच्यापैकी कुणीही नाही, आणि ते बरोबरच आहे. तरी आजोबांचं नाव कुठे दिसतं का, म्हणून मी तो पुन्हा वरपासून वाचला.