फिरत्या करवतीला नमस्कार

माझे वडील दहिवलीला सुतारकाम करीत. बैलगाड्यांची कामे त्यांनी पुष्कळ आधी सोडली होती. पाळणे, चौरंग आणि देव्हारे एवढेच ते करीत, आणि त्यातही देव्हाऱ्याच्या महिरपीसाठी त्यांचे नाव होते. महिरप म्हणजे वळणाला लागून वळण. अरुंद पात्याची करवत उभी धरून, खांद्यातून वरखाली ओढत ते वळण कापावे लागते. जन्मभर असे ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाई, बोटांत जोर होता, नजरही बऱ्यापैकी चांगली होती. पण करवतीचा झटका खांद्याला सोसेना. दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांनी महिरपीची कामे परत पाठवायला सुरुवात केली, आणि धंदा मोडायचा की दुसरा मार्ग शोधायचा हा प्रश्न घरात उभा राहिला.

मी तेव्हा कर्जतला शाळेत हस्तव्यवसाय शिकवीत असे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला मेजावर बसवायची लहान पट्टी-करवत चालवायला शिकवली होती. तसली एक करवत लष्कराच्या मोडीच्या मालात मिळाली, ती मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आणली. तिची रचना सोपी असते. दोन चाके, एक मेजाच्या वर, एक खाली. त्यांच्यावरून दाते पाडलेली पोलादी पट्टी माळेसारखी अखंड फिरते आणि मेजाच्या फटीतून सतत खाली जात राहते. लाकूड मेजावर सपाट ठेवायचे आणि रेघेबरहुकूम हळूहळू पुढे सरकवायचे. ओढण्याचे काम यंत्र करते, माणसाने फक्त दिशा द्यायची. वडिलांच्या खांद्याला हे जमणार होते.

प्रश्न शक्तीचा होता. आमच्या घराला लागून भाताची गिरणी होती आणि ती तेलाच्या इंजिनावर चाले. गिरणीवाला वडिलांचा लहानपणापासूनचा मित्र. त्याने गिरणीच्या भिंतीपलीकडची पडवी आम्हांला दिली आणि इंजिनाच्या फिरत्या लांब दांड्यावरून एक कातडी पट्टा भिंतीतल्या झरोक्यातून आमच्याकडे आणायला परवानगी दिली. करवतीच्या आसाला दोन पुल्या होत्या. पट्टा एकीवर सरकवला की करवत फिरे. शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवला की पट्टा फिरत राही, पण करवत थांबे. पट्टा सरकवण्यासाठी मेजाच्या डाव्या बाजूला एक लाकडी दांडी बसवली होती. करवतीचा चालू-बंद जो काय होता, तो त्या दांडीतच होता.

मांडणी करताना वडील शेजारी पाटावर बसून राहिले. आधी मेज जमिनीला पक्के केले. हलत्या मेजावरचे यंत्र काम करीत नाही, माणसाची परीक्षा पाहते. मग पट्टी चाकांवर चढवली. दाते आपल्याकडे आणि तोंडे खाली, म्हणजे लाकूड मेजावर दाबले जाते, उसळत नाही. वरचे चाक स्क्रूने उचलून पट्टी ताणली, आणि चाक हाताने फिरवत फिरवत ते किंचित कलते करीत गेलो, तोवर पट्टी चाकाच्या बरोबर मध्यावर चालू लागली. हे नेहमी हाताने करायचे. शक्ती जोडून पट्टी मध्यावर येते का ते पाहणे म्हणजे बैल उधळल्यावर वेसण शोधणे. पट्टीला दोन्ही बाजूंनी आवरणारे ठोकळे वहीच्या कागदाइतकी फट ठेवून आवळले, आणि पाठीमागची चकती पट्टीला टेकेल न टेकेल अशी ठेवली. शेवटी गुण्या लावून मेज आणि पट्टी काटकोनात आहेत हे पाहिले.

गिरणीवाला भुशाने पांढरा झालेला दारात आला.

"काय रं, आता देव बी गिरणीतनं काडणार काय तुमी?"

"तुज्या गिरणीत घातलं तर कोंडाच निगंल," वडील म्हणाले. "ह्यात देव्हारा निगंल. मास्तरानं केलंय, तवा निगालाच पायजे. नायतर छडी हाय त्याच्यापाशी."

सगळे झाल्यावर वडील उठले. त्यांनी उजव्या हाताची बोटे थांबलेल्या पट्टीच्या दात्यांवर टेकवली आणि तीच बोटे कपाळाला लावली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे हत्याराला हात लावून पाया पडल्याशिवाय कुणी काम सुरू करीत नाही. वडील तर सकाळीच नव्हे, रंधा खाली ठेवून पुन्हा उचलला तरी बोटे टेकवीत. ती कृती ते करीत आहेत हे त्यांनाही कळत नसे.

मला धक्का बसला तो संध्याकाळी. पलीकडे भात भरडायला सुरुवात झाली होती. मी दांडी ओढून करवत प्रथमच शक्तीवर चालवली, आणि चाचणी म्हणून शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा कापला. पट्टी मऊ चालली. मी डोळे उचलून तिच्याकडे पाहिले आणि ती मला थांबलेली दिसली. वेगाने फिरताना दाते एकमेकांत मिसळून जातात आणि मेजावर एक करडी, निश्चल रेघ उरते. चाकांवर झाकणे होती, तेव्हा तीही दिसत नव्हती. आवाजावरून ओळखावे तर भिंतीपलीकडच्या गिरणीने पडवीतला प्रत्येक आवाज गिळला होता. पट्टा तर करवत बंद असतानाही फिरतच असे. म्हणजे करवत चालू आहे की बंद, हे माझ्या वडिलांना डोळ्यांनी कळणार नव्हते आणि कानांनीही नाही. आणि त्यांचा हात विचारण्याआधीच पुढे जात असे.

मी त्यांना त्याच रात्री जेवताना सांगितले.

"आबा, ह्या करवतीला हात लावून नमस्कार करायचा नाही. दुरून हात जोडा."

"दुरनं?" त्यांनी घास थांबवला. "ती काय पाव्हणी हाय? जिच्या जिवावर पोट भरायचं तिला दुरनं रामराम?"

"फिरत असली तर बोटं जातील."

"फिरतीय का नाय ते कळत नाय व्हय मला? एवडा आंदळा नाय झालो."

"मलासुद्धा कळलं नाही, आबा."

आई भाकरी वाढत होती. "तो शिकून आलाय, त्याला नाय कळत, आनि ह्यांना कळंल," ती म्हणाली. "ऐका त्याचं. खांदा गेलाय तेवडा पुरं."

त्यांनी ऐकले. ऐकले म्हणजे मान्य केले. हाताने मान्य केले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळ्यांनी पाहिले, की दांडी बंद असताना ते पडवीत आले आणि बोलता बोलता बोटे दात्यांकडे गेली. मी "आबा!" म्हटले. त्यांनी हात मागे घेतला आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू चोरी करताना मी त्यांना पकडले आहे. पुढच्या खेपेला तेच. तिसऱ्यांदा मी काही म्हणण्याआधीच ते चिडले.

"सारका बोटांकडं बगत बसतोस. मी काय तुज्या वर्गातलं पोर हाय?"

बाकीचे सगळे ते झपाट्याने शिकत होते. वरचा ठोकळा लाकडाच्या अगदी जवळ उतरवायचा, म्हणजे उघडी पट्टी कमी राहते. बोटे पट्टीच्या रेषेत आणायची नाहीत. शेवटचा तुकडा काठीने ढकलायचा. धोतराचा सोगा खोचायचा, खांद्यावरचा पंचा खुंटीला. आवळ वळण एका दमात घ्यायचे नाही, आधी बाहेरून सरळ छेद द्यायचे, म्हणजे पट्टी अडकत नाही. अडकलीच तर ओढायचे नाही, करवत बंद करायची. पट्टी तुटली तर उजवीकडे फेकली जाते, म्हणून उजव्या अंगाला कुणी उभे राहायचे नाही. एकदा सांगितलेले त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. शिकवताना मला एक गोष्ट कळली, की नवे शिकवणे सोपे असते. जुने जे हाताने स्वतःच शिकून ठेवलेले असते, तिथे शब्द पोहोचत नाहीत. सुट्टी संपत आली होती. शाळा उघडली की ते पडवीत एकटे असणार होते.

सुट्टीच्या शेवटच्या दिवसांतली ती दुपार. वडील जेवायला घरी गेले होते. सकाळची पट्टी बोथट झाली म्हणून मी नवी चढवली, हाताने फिरवून मध्यावर आणली, झाकणे लावली आणि ती शक्तीवर कशी चालते ते पाहण्यासाठी दांडी ओढली. मी नियमाप्रमाणे डाव्या बाजूला, दांडीपाशी उभा होतो. पलीकडे गिरणी भरात होती, भिंत हाताला थरथरत लागत होती.

वडील दारात आले. बाहेर कडक ऊन होते. पडवीत आल्यावर काही वेळ माणसाला नीट दिसत नाही. त्यांनी मला पाहिले, ते काहीतरी बोलले, बहुधा आईने काय रांधले ते. मला ऐकू आले नाही. ते बोलतच मेजाकडे चालत आले आणि त्यांचा उजवा हात वर उठला.

मी ओरडलो. माझा आवाज माझ्याच कानांना लागला नाही. मी दांडी ढकलली, पट्टा मोकळ्या पुलीवर गेला; पण चाके जड असतात, शक्ती काढली तरी ती आपल्या वेगाने फिरत राहतात. पट्टी जशी होती तशीच दिसत होती, करडी आणि निश्चल. बोटे आणि ती यांत एक वीत अंतर राहिले होते. त्यांचा दंड धरून ओढावा, तर झटक्याने हात कुठे जाईल याचा नेम नव्हता. पट्टीजवळच्या हाताला कधीही झटका देऊ नये. हे सगळे मी त्या वेळी तोलून पाहिले असे म्हणणे खोटे ठरेल. मी एवढेच केले, की दोन पावले पुढे होऊन त्यांच्या पायांवर कोसळलो आणि दोन्ही पायांना हात लावले.

पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला बापाला विचार करावा लागत नाही. तो हात हवेतच वळला आणि माझ्या डोक्यावर आला. मी तो तिथेच दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि तसाच त्यांना मेजापासून मागे सारत नेले.

गिरणीतले भात संपले असावे, कारण आवाज उतरला आणि त्यांचे शब्द ऐकू आले.

"आरं काय, आज कसला सण हाय? पाया काय पडतोस? आनि हात सोड की."

मी हात सोडला. मी दांडी पुन्हा ओढली, खाली पडलेली शिवणीची एक फळकुटी घेतली, आणि ती त्यांनी हात नेला होता त्या जागी पट्टीला टेकवली. भुसा उडाला. फळकुटीचे दोन तुकडे झाले, आणि पट्टी तशीच थांबल्यासारखी दिसत राहिली.

वडील पाटावर बसले. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मी करवत बंद केली.

"फिरत व्हती?"

"हो."

"मला ठावं नव्हतं. हात कवा उचलला त्ये बी ठावं नाय."

"म्हणूनच मला भीती वाटत होती, आबा. तुमची चूक नाही. हाताला सवय आहे."

"सवय मोडंल असं वाटत नाय मला," ते सरळ म्हणाले. "या वयात नाय मोडनार. तू कितीबी शिकव."

सवय मोडणार नसेल तर काय करायचे, याचा विचार करता करता माझ्या ध्यानात आले, की मी सुरुवातीपासून चुकीच्या ठिकाणी जोर लावत होतो. हात पुढे जाणारच. मग तो जाईल कुठे, एवढेच आपल्याला ठरवता येण्यासारखे होते.

"आबा, नमस्कार सोडू नका. पण पट्टीला नको. दांडीला करा."

"दांडीला? दांडीनं काय कापतंय?"

"चालवायची दांडी आणि थांबवायचीही दांडी. सगळं सामर्थ्य तिच्यात आहे. पडवीत आलात की आधी दांडी बंदच्या बाजूला दाबायची. तोच हात कपाळाला. मग करवतीच्या पुलीकडे बघायचं. तिच्यावर खडूची रेघ ओढून देतो. रेघ एका जागी स्थिर दिसली, तरच मेजाकडे वळायचं."

मग उठून त्यांनी पटाशी घेतली आणि दांडीचे हाताने धरायचे टोक तासून गोल, गुळगुळीत केले. मग घरी जाऊन आईकडून हळदकुंकू आणले आणि त्यावर लावले. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यादेखत पुन्हा पुन्हा दाराबाहेर जाऊन आत येण्याचा सराव केला. गिरणीवाल्याने डोकावून विचारले, "सुतारबुवा, पडवीला परदक्षिना घालताय व्हय?" वडिलांना हसू आले नाही, मलाही आले नाही. त्या साऱ्या येण्याजाण्यात दोनदा हात पट्टीकडेच गेला.

शाळा उघडली त्या दिवशी मी घरातून निघालो, पण कर्जतला जाणाऱ्या पुलाकडे न वळता पडवीच्या बाहेर, त्यांना दिसणार नाही असा उभा राहिलो. गिरणी सुरू होती. वडील आले, सोगा खोचला, पंचा खुंटीला लावला. मेजाशी जाताना हात उठला आणि पट्टीच्या दिशेने थोडा पुढे गेला. मध्येच थबकला. मग डावीकडे वळला, दांडीवर टेकला, ती दाबून पाहिली आणि कपाळाला लागला. ते वाकून पुलीकडे पाहत राहिले. खडूची रेघ जागच्या जागी होती.

त्यांनी लाकूड मेजावर घेतले, वरचा ठोकळा उतरवला, दांडी ओढली आणि एक पाळण्याची कमान कापून काढली. करवत थांबवून ते कमान उन्हात पाहायला दारात आले, आणि मी भिंतीआड सरकलो. ते आत वळले तेव्हा हात न थबकता दांडीवर गेला. तरीही मी निघालो नाही. आणखी एकदा ते बाहेर येऊन आत जाईपर्यंत थांबलो.

शाळेत पोहोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. मुख्याध्यापकांनी उशिराचे कारण विचारले. वडिलांचा हात पाहत होतो, असे मी सांगितले. त्यांनी हाताला काय झाले आहे म्हणून काळजीने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो आणि वर्गावर गेलो.